नावामागची गोष्ट : अँड्रोमॅकी

मित्रांनो, इतिहासाच्या पुस्तकातला सिकंदर तुम्हाला माहीत आहेच. त्याचं मूळ ग्रीक नाव अलेक्झांड्रोस, म्हणजे माणसांचं रक्षण करणारा. यातला ‘आंद्रोस’ आला ‘अनेर’ या शब्दापासून. अनेर म्हणजे पुरुष. आपल्या संस्कृतमधला ‘नर’ आणि हा ‘अनेर’ एकाच मुळातून निघालेले, म्हणजे लांबचे चुलतभाऊच की!

याच शब्दातून एका स्त्रीचंही नाव तयार झालं, अँड्रोमॅकी. ‘माखे’ म्हणजे लढाई. तेव्हा अँड्रोमॅकी म्हणजे पुरुषांशी लढणारी! जुन्या ग्रीक भांड्यांवरच्या चित्रांत एका लढवय्या अ‍ॅमेझॉन स्त्रीलाही हेच नाव दिलेलं आहे.

पण आपली अँड्रोमॅकी तलवार घेऊन रणात उतरली नाही. ती ट्रॉयच्या राजपुत्राची, शूर हेक्टरची बायको. ग्रीकांनी ट्रॉयला वेढा घातला होता. त्यांच्या अ‍ॅकिलिसनं तिचे वडील आणि सातही भाऊ आधीच मारले होते. होमरच्या ‘इलियड’मध्ये ती तान्ह्या मुलाला घेऊन वेशीपाशी हेक्टरला गाठते. मला आता आई, बाप, भाऊ सगळं तुम्हीच, असं म्हणून रडते. पण नुसती रडत नाही बरं का! रानअंजिराच्या झाडापाशी तटाची भिंत कच्ची आहे, शत्रू तिथं तीनदा चढून आला, सैन्य तिथं उभं करा, असा सल्लाही देते. एखाद्या सेनापतीनं द्यावा तसा!

हेक्टर काय म्हणाला? लढाई पुरुषांनी बघायची, तू घरी जाऊन माग आणि चाती सांभाळ. आपण मागे राहिलो तर लोकांना तोंड कसं दाखवू, हीच त्याला काळजी. बाळाला घ्यायला त्यानं हात पुढे केले, तर शिरस्त्राणावरचा तुरा बघून बाळानं भोकाड पसरलं! दोघं हसली. हेक्टरनं शिरस्त्राण जमिनीवर ठेवलं आणि बाळाला उचलून घेतलं.

पुढे एक दिवस ती मागावर कापड विणत होती. हेक्टर दमून येईल म्हणून तिनं आंघोळीचं पाणी तापवायला सांगितलं होतं. तेवढ्यात तटावरून रडारड ऐकू आली. अ‍ॅकिलिसनं हेक्टरला मारलं होतं.

ट्रॉय पडलं. जिंकणाऱ्यांनी तिचं बाळ तटावरून खाली फेकलं, आणि तिला दासी करून नेलं, तेही अ‍ॅकिलिसच्याच मुलानं. तरी ती तगली. रोमन कवी व्हर्जिल सांगतो, की पुढे ती दूर देशात हेक्टरचा भाऊ हेलेनस याची राणी झाली. तिथं त्यांनी छोटंसं नवं ट्रॉय वसवलं, आणि तिथंही ती हेक्टरची आठवण जपत राहिली.

आता तुम्हीच सांगा, तिला तिचं नाव शोभतं की नाही?

जाता जाता एक कोडं : ‘अँड्र्यू’ या नावाचा अर्थ काय असेल? आणि हो, तुमच्या स्वतःच्या नावाचा अर्थ आज आईबाबांना नक्की विचारा.

(उत्तर : मर्द, शूर.)