राग कोणासाठी, राग कोणावर?

मुक्या जनावराचे हाल पाहून ज्याचे मन कळवळत नाही, त्याच्यासाठी दुआच करावी. आम्हाला बोलायचे आहे ते अशा कळवळ्याबद्दल, जो आरोपी कोण आहे हे पाहून जागा होतो.

मे 2020 आठवा. टाळेबंदी सुरू होती. 8 तारखेच्या पहाटे औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रेल्वेरुळांवर झोपलेल्या 16 मजुरांना मालगाडीने चिरडले. जालन्याच्या पोलाद कारखान्यात राबणारी ही मध्य प्रदेशातली माणसे पायी गावी निघाली होती. गाड्या बंद आहेत अशा समजुतीने थकून तिथेच आडवी झाली. रुळांवर विखुरलेल्या त्यांच्या रोट्यांचे छायाचित्र सगळ्यांनी पाहिले. हळहळ झाली. पण त्यांना पायी निघायला कोणी भाग पाडले, हे विचारण्याऐवजी अनेकांनी विचारले, ‘रुळांवर झोपायचे कशाला?’

त्याच महिन्यात, 27 तारखेला, केरळच्या पालक्काड जिल्ह्यात एक गाभण हत्तीण नदीत उभ्या उभ्या मेली. स्फोटक भरलेले फळ तोंडात फुटून जबडा फाटला होता. खाता येईना, म्हणून ती पाण्यात जाऊन उभी राहिली होती. देश हळहळला, आणि ते योग्यच होते. मात्र पालक्काडऐवजी मलप्पुरमचे नाव पसरले. मलप्पुरम हा मुस्लिमबहुल जिल्हा. मग हत्तीण बाजूला राहिली आणि अख्खा जिल्हा आरोपी झाला. रानडुकरांपासून पीक वाचवण्यासाठी फळात स्फोटक ठेवण्याची बेकायदा रीत तिच्या जिवावर बेतली होती. पण ती रीत बंद कशी करायची, यावर फार थोडे जण बोलले.

प्राण्यांचा छळ रोखणारा कायदा 1960 चा. त्यात पहिल्या गुन्ह्याला दंड आहे 10 ते 50 रुपये! तो वाढवा, असे प्राणिमित्र वर्षानुवर्षे सांगत आहेत. संतापलेली गर्दी त्यांच्यामागे मात्र दिसत नाही. गटारांचेही तसेच. सुरक्षा साधनांशिवाय गटारात माणूस उतरवण्यावर 2013 च्या कायद्याने बंदी आहे. तरी माणसे गुदमरून मरतात. 2023 साली सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई 10 लाखांवरून 30 लाख केली, पण रस्त्यावर कोणी उतरले नाही. तिथे बोट दाखवायला सोयीचा आरोपी नसतो ना!

वाचकहो, एवढे वाचून ‘बघा, लोक कसे आहेत’ म्हणत मासिक मिटवू नका. बकरी ईद जवळ आली की शाळेतली मुले आम्हाला विचारतात, ‘वर्षभर मटण खाणारे लोक याच दिवशी का चिडतात?’ प्रश्न रास्त आहे. पण ‘आधी मजुरांकडे पाहा’ हे त्याचे उत्तर नव्हे. एकाचे दुःख दुसऱ्याच्या दुःखावर झाकण म्हणून वापरू नये. तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याला क्षमा मिळाली आणि मांजरीला कोंडून उपाशी मारणारी शिक्षेला पात्र ठरली, हे आपल्याला प्रेषितांनी (सल्ल.) सांगितले आहे. सुरी धारदार असावी, जनावराला यातना होऊ नयेत, हीही त्यांचीच शिकवण. मग पाय बांधून, टेम्पोत कोंबून, पाण्याविना उन्हात आणलेल्या बकऱ्याबद्दल कोणी विचारले, तर विचारणाऱ्याची जात-जमात न पाहता ऐकून घ्यावे लागेल.

आणि आपला राग? मार खाणाऱ्याचे नाव आपल्यासारखे असेल तेव्हाच तो उसळत असेल, तर तोही निवडकच म्हणायचा.

म्हणून या ईदला बकरा आणायला जाताना मुलांना सोबत न्या. गाडीत दाटी करू नका, आणल्याबरोबर सावलीत बांधा, पाणी मुलांच्या हातून पाजा. आणि मोहल्ल्यातले गटार तुंबल्यावर कंत्राटदार एखाद्याला दोरी बांधून आत सोडू लागला, तर त्याच मुलांसमोर पुढे होऊन काम थांबवायला सांगा. तो माणूस कोणाचा, हे नंतरही विचारू नका.