बटण नुसतं विचारतं

गेल्या पावसाळ्यात एक गाडी दारात आली. डिझेल, मॅन्युअल गिअर, पाच वर्षांची, बटणावर चालू होणारी. मालकीण शाळेत शिक्षिका. उतरल्या उतरल्या म्हणाल्या, "दादा, माझ्या हातून कधी होते, कधी होत नाही. मिस्त्रींनी बटण दाबलं की लगेच होते. आता मलाच वाटायला लागलंय की माझं काहीतरी चुकतंय." त्याआधी दुसऱ्या एका गॅरेजात त्यांच्या तीन फेऱ्या झाल्या होत्या. पहिल्या फेरीत नवी बॅटरी बसली. दुसऱ्या फेरीत सेल्फ उघडून कार्बन बदलले. तिसऱ्यांदा गेल्या तेव्हा बॉडी कंट्रोल मॉड्यूल बदलावं लागेल असं सांगितलं गेलं, आणि तो आकडा ऐकून त्या माझ्याकडे आल्या.

मीही आधी तेच केलं जे सगळे करतात. स्वतः बसलो आणि बटण दाबलं. वीस वेळा दाबलं, वीसही वेळा गाडी चालू झाली. मग बाईंना बसवलं आणि मी उघड्या दारापाशी बॅटरी टॉर्च घेऊन खाली वाकलो. त्यांनी सीट पुढे ओढली, क्लच दाबला, बटण दाबलं. तिसऱ्या खेपेला सेल्फ गप्प, आणि डॅशबोर्डवर क्लच दाबण्याची सूचना. त्यांचा पाय अजून पेडलवरच होता. पेडलखाली पाहिलं तर मूळ मॅटवर आणखी एक जाड मॅट अंथरलेली, आणि तिची घडी नेमकी पेडलच्या खाली गोळा झालेली. पेडल तळाला टेकायला बोटभर अंतर राहत होतं. क्लचचा स्टार्ट स्विच त्या शेवटच्या बोटभर अंतरातच लागतो. माझा पाय लांब, जोर जास्त, त्यामुळे मी दाबलं की घडी चेपून पेडल खाली जायचं. वरची मॅट काढली, बाईंनी वीस वेळा बटण दाबलं, वीसही वेळा गाडी चालू झाली.

बाई काही क्षण तशाच बसून राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर पैसे गेल्याच्या दुःखापेक्षा आपण वेड्या नव्हतो याचं समाधान जास्त दिसत होतं. तो चेहरा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही, म्हणून हा अंक या एकाच तक्रारीला दिला आहे: बटणाची गाडी, जी कधी चालू होते आणि कधी होत नाही.

आपल्यातल्या जुन्या मंडळींनी जीपचा पायाने दाबायचा स्टार्टर पाहिला असेल. तिथे पाय पडला की सेल्फचा सगळा करंट त्या स्विचमधूनच जायचा. स्विच झिजला तर आपण स्विच बदलायचो, गोष्ट संपायची. आजच्या बटणातून सेल्फचा करंट जातच नाही. ते फक्त मॉड्यूलला विचारतं, चालू करू का? मग मॉड्यूल एकेक खात्री करून घेतं. चावी आत आहे का, ती आपलीच आहे का, ब्रेक किंवा क्लच दाबला आहे का, ऑटोमॅटिक असेल तर गिअर पार्क किंवा न्यूट्रलमध्ये आहे का, स्टिअरिंग लॉक सुटलं का. सगळीकडून होकार आला तर स्टार्टर रिलेला हुकूम जातो. एका ठिकाणी जरी क्षणभर नकार आला तरी बाहेरून दिसतं एवढंच, की बटण दाबलं आणि काही झालं नाही.

म्हणून माझं पहिलं सांगणं पाना हातात घेण्याआधीचं आहे. गाडी "चालू होत नाही" हे वाक्य जॉबकार्डावर लिहूच नका. ग्राहकाला विचारा, बटण दाबल्यावर नक्की काय झालं? डॅशबोर्ड जागाच झाला नाही, की चावी सापडत नाही असा संदेश आला? दिवे सगळे लागले पण सेल्फ गप्प राहिला? एकच टक असा आवाज आला, की टक-टक-टक अशी माळ लागली? की सेल्फ छान फिरला आणि इंजिन पकडलं नाही? हे चार वेगवेगळे आजार आहेत. शेवटचा तर बटणाचा विषयच नव्हे, तिथे इमोबिलायझर, डिझेल-पेट्रोलचा पुरवठा किंवा गरम झाल्यावर दगा देणारा क्रँक सेन्सर बघायचा. ग्राहकाला आठवत नसेल तर त्याला मोबाइलवर व्हिडिओ काढायला सांगा. पुढच्या वेळी गाडी अडली की आधी डॅशबोर्डचा वीस सेकंदांचा व्हिडिओ, मग फोन. त्या वीस सेकंदांनी माझे कित्येक तास वाचवले आहेत.

चावीबद्दल आपल्यात एक मोठा गैरसमज आहे. "रिमोटने लॉक-अनलॉक होतंय, म्हणजे चावी ठीक आहे," हे वाक्य मी रोज ऐकतो. चावीची दोन कामं आहेत आणि त्यांचे रस्तेही दोन. रिमोटचं बटण दाबलं की चावी बोलते, आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत 433 मेगाहर्ट्झच्या आसपास, आणि ते लांबूनही ऐकू येतं. पण स्टार्टचं बटण दाबलं की आधी गाडी चावीला हाक मारते. ती हाक खूप खालच्या फ्रिक्वेन्सीवर असते, साधारण 125 किलोहर्ट्झवर, आणि तिचा पल्ला हातभर ते दीड-दोन हात. ही हाक मारणारे अँटेना केबिनमध्ये कन्सोलखाली, सीटखाली, डिकीत असे वाटलेले असतात. त्यातला एक कपलर सैल असेल, किंवा चावी नेमकी मोबाइलला चिकटून, वायरलेस चार्जरवर किंवा स्वस्तातल्या यूएसबी चार्जरशेजारी पडली असेल, तर हाक चावीपर्यंत पोचत नाही. रिमोट मात्र दहा पावलांवरून झकास चालतो.

अशा वेळी चावी बटणालाच टेकवून चालू करून बघा. काही गाड्यांत त्यासाठी वेगळी जागा दिलेली असते, मॅन्युअलमध्ये ती दाखवलेली असते. चावीतल्या चिपला इथे सेल लागत नाही, तिला जवळच्या कॉइलमधूनच ताकद मिळते. टेकवल्यावर गाडी चालू झाली तर चिप आणि इमोबिलायझर ठीक आहेत. शोध सेल, अँटेना आणि आजूबाजूच्या चार्जरांपुरता उरतो. सेल नुसता मीटरवर मोजून समाधान मानू नका. बिनलोडचा जुना सेलही 3 व्होल्ट दाखवतो आणि कामाच्या क्षणी बसतो. सीआर 2032 असेल तर चांगल्या कंपनीचा नवा घालून टाका, तो फार महाग नाही. आणि गाडी घेताना दोन्ही चाव्या मागून घ्या. दुसऱ्या चावीने आठवडाभर गाडी एकदाही अडली नाही, तर ती तुमची तपासणीच झाली.

ब्रेकच्या बाजूला एक गोष्ट डोळ्यांनी दिसते. अनेक गाड्यांत ब्रेक दाबला की बटणावरच्या दिव्याचा रंग बदलतो. रंग बदलला नाही तर पेडल दाबल्याचं गाडीला कळलेलंच नाही. मागचे ब्रेक लाइट लागले म्हणून स्विच ठीक आहे असं समजू नका, कारण बऱ्याच स्विचांत दोन वेगळे काँटॅक्ट असतात. एक दिव्यासाठी, एक मॉड्यूलसाठी. स्कॅनरच्या लाइव्ह डेटात दोन्ही उघडा आणि पेडल अगदी हळूहळू दाबा. एक आधी बदलला आणि दुसरा अडखळला तर दोष सापडला. मॅटवर प्लॅस्टिकचे चार-दोन ठिसूळ तुकडे दिसले तर ते झाडून टाकू नका. पेडलच्या दांडीवरचा स्टॉपर उन्हाने आणि वयाने कुजून पडतो, आणि स्विचची पिन मोकळ्या भोकात जाते. चहाच्या किमतीचा तो तुकडा गाडीला टोचनवर आणतो.

स्टिअरिंग लॉकचं थोडक्यात. गाडी चढावर किंवा फूटपाथला चाक टेकवून उभी केली की लॉकच्या खिट्टीवर ताण येतो आणि मोटर ती ओढू शकत नाही. स्टिअरिंग किंचित डावी-उजवीकडे हलवत बटण दाबलं की सुटते. फक्त एका ठरावीक पार्किंगमध्येच गाडी अडते असं ग्राहक सांगत असेल, तर हे पहिल्यांदा आठवा.

आता त्या एका 'टक'कडे येतो, कारण पैसे सगळ्यात जास्त इथेच वाया जातात. टक झालं की आपण बॅटरी म्हणतो. दुसऱ्या गाडीवरून जंप दिला, गाडी चालू झाली, मग तर खात्रीच पटते. पण जंप देताना काळा क्लॅम्प आपण कुठे लावला होता? नियमाप्रमाणे इंजिनच्या धातूवर. म्हणजे आपण नुसती ताकद दिली नाही, इंजिनला एक नवी अर्थिंगही दिली. मूळ अर्थिंगची पट्टी गंजलेली असेल तर तिला वळसा घालून करंट गेला. गाडी चालू झाली, दोष बॅटरीवर आला. नवी बॅटरी बसली, टर्मिनल घट्ट झाले, आठ दिवस बरे गेले आणि नवव्या दिवशी पुन्हा टक. किनारपट्टीवरच्या मित्रांना हे सांगायलाच नको. खाऱ्या हवेत अर्थिंगच्या लगाखाली हिरवा गंज धरतो, वरून बोल्ट मात्र चकचकीत दिसतो.

याला उपाय एक मल्टिमीटर आणि एक मदतनीस. मीटर डीसी व्होल्टवर. एक टोक बॅटरीच्या मायनसच्या खांबावर, म्हणजे क्लॅम्पवर नव्हे, शिशाच्या खांबावरच. दुसरं टोक इंजिनच्या उघड्या धातूवर, रंग खरवडून. मदतनीसाला सेल्फ मारायला सांगा. सेल्फ फिरत असताना काटा 0.2 व्होल्टच्या आत राहिला तर अर्थिंग निर्दोष. मी एका गाडीत इथे 1.4 व्होल्ट पाहिले आहेत. त्या गाडीला वर्षभरात दोन बॅटऱ्या बसल्या होत्या. तसंच प्लसच्या खांबापासून सेल्फच्या मोठ्या बोल्टपर्यंत मोजा, तिथे 0.5 पर्यंत चालतं. आणि बॅटरीच्या दोन खांबांवर, सेल्फ फिरत असताना, 9.6 च्या खाली घसरण झाली तरच बॅटरीकडे बोट दाखवा, तेही ती आधी पूर्ण चार्ज करून. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर 12.6 म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे अर्धी. हे सगळं ठीक असूनही टक होत असेल, आणि सोलेनॉइडच्या छोट्या वायरीवर त्या क्षणी पूर्ण व्होल्टेज येत असेल, तर मात्र खुशाल सेल्फ उतरवा. आत तांब्याचे काँटॅक्ट खाल्लेले किंवा कार्बन संपलेले सापडतील.

त्या छोट्या वायरीवर नुसत्या मीटरवर विसंबू नका. वायरीतली एकच तार शिल्लक असली तरी मीटर 12 व्होल्ट दाखवतो, कारण त्याला करंट लागतच नाही. इंडिकेटरचा 21 वॅटचा बल्ब दोन वायरी जोडून हाताशी ठेवा. बल्ब लख्ख पेटला तर वायर जिवंत. पिवळट पेटला तर कुठेतरी कपलरमध्ये पाणी शिरलंय किंवा उंदराने लूम कुरतडलंय. पावसाळ्यात दोन्ही बघा.

सोमवारीच गाडी अडते, ही तक्रारही ओळखीची. हिशेब करून बघा. 45 अॅम्पिअर-अवरची बॅटरी आहे आणि कुणीतरी बसवलेला डॅशकॅम किंवा जीपीएस ट्रॅकर 300 मिलिअॅम्पिअर खातोय. दिवसाला 7.2, शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार संध्याकाळ जवळपास 22, म्हणजे अर्धी बॅटरी गेली. गाडी लॉक करून अर्धा-पाऊण तास थांबा, मॉड्यूल झोपू द्या, मग मोजा. 50 मिलिअॅम्पिअरपर्यंत ठीक. ग्राहक बंगल्यात राहत असेल तर चावी कुठे टांगतात हेही विचारा. दाराबाहेर गाडी आणि दारामागच्या खिळ्याला चावी, अशाने काही गाड्या रात्रभर जाग्याच राहतात.

स्कॅनरबद्दल तरुण मित्रांना कळकळीने सांगतो. व्होल्टेज घसरलं की मॉड्यूल एकमेकांशी बोलणं सोडतात आणि 'यू'ने सुरू होणाऱ्या कोडची रांग लागते. ती रांग वाचून महागडं मॉड्यूल मागवू नका. कोड लिहून घ्या, पुसा, बॅटरी आणि अर्थिंग दुरुस्त करा, मग कोणते परत येतात ते पाहा.

या धंद्यात मला सगळ्यात जास्त सलतं ते "बदलून बघू" हे वाक्य. प्रयोग आपला असतो आणि पैसे ग्राहकाचे जातात. जो दोष आपण एकदाही डोळ्यांनी पाहिला नाही, त्याच्यासाठी पार्ट मागवायचा नाही, असा नियम माझ्या गॅरेजात आहे. गाडी दोन दिवस ठेवून घ्यावी लागली तर ठेवतो. ज्याच्या हातून ती अडते त्यालाच बसवतो. तरीही दोष दिसला नाही तर जॉबकार्डावर काय काय तपासलं, कोणता आकडा आला, हे लिहून गाडी परत देतो. तपासणीचे पैसे मात्र ठरवून, आधी सांगून घेतो. आपण वेळ फुकट देतो आणि पार्टवर कमावतो, म्हणूनच पार्ट बदलायचा मोह होतो. दोन तास शोधून मॅट काढली, त्या दोन तासांची मजुरी शिक्षिका बाईंनी एका शब्दाने न कुरकुरता दिली.

या अंकात अर्थिंगच्या चाचणीची छायाचित्रं टप्प्याटप्प्याने दिली आहेत, आणि ब्रेक व क्लच स्विचचे काँटॅक्ट समजावणारा तक्ता मधल्या पानावर आहे, भिंतीवर लावता येईल असा. वाचकांना एक विनंती. अशी एखादी गाडी तुमच्याकडे आली असेल तर तिचं जॉबकार्ड, ग्राहकाचं नाव आणि नंबर खोडून, आम्हाला पाठवा. दोष सापडला नसेल तर तेही पाठवा. पुढच्या अंकात ती कार्डं छापू, आणि कोणत्या आकड्यावर कोणाची वाट चुकली ते सगळे मिळून बघू.