चाकातली हवा आणि गाडीतली टाकी



उसाची ट्रॉली भरून उभी असावी आणि नेमके त्याच वेळी चाक बसलेले दिसावे, हा अनुभव आपल्यापैकी पुष्कळांना आहे. पंक्चरचे दुकान दूर असते. अशा वेळी हवेची सोय गाडीतच असावी असे वाटणे स्वाभाविक आहे.

अमेरिकेत व ऑस्ट्रेलियात वाळूतून, डोंगरांतून जीप हाकणारे लोक वाळूत शिरताना चाकांतील हवा कमी करतात. चाक पसरते व रुतत नाही. पक्क्या रस्त्यावर आल्यावर हवा पुन्हा भरावी लागते, म्हणून कित्येक जण कार्बन डायऑक्साइडची टाकी बरोबर बाळगतात. सोडावॉटरमध्ये असतो तोच हा वायू. टाकीत तो दाबाने द्रवरूप झालेला असतो. १ किलो द्रवाचा सुमारे ५४० लिटर वायू होतो. त्यामुळे ५ किलोच्या टाकीवर बरीच चाके झटपट फुगतात. इंजिन लागत नाही, वीजही लागत नाही.

युक्ती खरी आहे. पण तिची दुसरी बाजूही पाहावी. जीपच्या चाकात ३० पौंडांच्या आसपास हवा लागते. या टाकीत २० अंश उष्णतेलाच सुमारे ८३० पौंड दाब असतो. ३१ अंशांपुढे हा वायू द्रवरूपात राहूच शकत नाही व दाब झपाट्याने चढतो. टाकी फुटू नये म्हणून झडपेला सुरक्षा-चकती असते. ती फाटली की सगळा वायू बाहेर पडतो. हे बंद जीपमध्ये घडले, तर आत बसलेल्या मुलाबाळांचे काय? हा वायू हवेपेक्षा दीडपट जड. त्याला रंग नाही, वास नाही. हवेत तो ४ टक्के झाला तरी जिवाला धोका असतो. पेवात किंवा जुन्या विहिरीत उतरलेला माणूस गुदमरतो, तेथेही पुष्कळदा हाच वायू साचलेला असतो.

म्हणून टाकी ठेवायचीच असेल तर ती बसण्याच्या जागेबाहेर, सावलीत, उभी व पक्की बांधून ठेवावी. आडवी ठेवल्यास द्रव नळीत शिरतो. दाब कमी करणारा रेग्युलेटर व दाबमापक यांवाचून ती चाकाला कधीही जोडू नये. दर ५ वर्षांनी तिची दाबचाचणी झालेली असावी.

याहून वाईट म्हणजे वेल्डरच्या ऑक्सिजन सिलिंडरने चाक फुगवणे. ऑक्सिजनला तेल किंवा ग्रीस लागले तर ठिणगीवाचूनही पेट घेऊ शकतो. स्वयंपाकाचा गॅस भरणे तर शुद्ध वेडेपणा! असे चाक लावलेली रिम पुढे कोणी वेल्डिंगला घेतली, तर तो स्फोटच होय.

माझे स्पष्ट मत असे, की आपल्या शेतकऱ्याला टाकीची गरज नाही. परदेशी जीपवाला वस्तीपासून शेकडो किलोमीटर दूर असतो. आपण गावाच्या शिवारात असतो. बॅटरीवर चालणारा लहान कंप्रेसर किंवा साधा पायपंप पुरेसा आहे. ट्रॉलीच्या मोठ्या चाकांसाठी चार-पाच घरांनी मिळून ट्रॅक्टरवर चालणारा कंप्रेसर घ्यावा. हवा भरायला दहा मिनिटे जास्त लागतील; लागू द्यात. हवा फुकट आहे, माणूस नाही.