विश्लेषण : परवानगी घराची, मग परांचीची तपासणी कुणाची? पिंप्राळ्यातील बांधकाम मजूर कायद्याच्या कोणत्या फटीत अडकतो?

जळगाव शहर पिंप्राळ्याच्या अंगाने वाढते आहे. रेल्वे गेटपलीकडच्या नव्या कॉलन्या, हुडकोच्या आसपासचे प्लॉट, शेतजमिनी बिनशेती होऊन पडलेले लेआउट, जिकडे पाहावे तिकडे कुठे पाया खोदला जातो आहे तर कुठे दुसऱ्या मजल्याचे सेंट्रिंग लागले आहे. बहुतेक कामे लहान. घरमालक एक, ठेकेदार एक, गवंडी दोन-तीन आणि बाकी बिगारी. अशा कामावरच्या मजुरांच्या सुरक्षेची तपासणी कोण करते, असे विचारले तर उत्तर मिळते, ‘महापालिकेचे इंजिनीअर येतात ना!’ ते येतात, पण वेगळ्याच कामासाठी.

महापालिका नेमके काय तपासते?

नगररचना विभाग पाहतो तो नकाशा. सामासिक अंतर किती सोडले, चटईक्षेत्र किती वापरले, जोते मंजूर नकाशाप्रमाणे आहे का, आणि शेवटी भोगवटा प्रमाणपत्र द्यायचे की नाही. हे सारे उभ्या राहणाऱ्या इमारतीबद्दल आहे. ती उभी करताना माणसे कशावर उभी आहेत, हा त्या अर्जातला प्रश्नच नाही. २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत तर १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील बांधकाम ‘कमी जोखमीचे’ धरून परवानगीची वाट सोपी केली आहे. घरमालकाच्या दृष्टीने हे चांगलेच झाले. मात्र ही जोखीम कागदाची आहे. दुसऱ्या मजल्याच्या कडेला उभ्या असलेल्या मजुरासाठी भूखंड १५० मीटरचा की १५०० चा, याने काहीच बदलत नाही.

‘महारेरा’चेही तसेच. तिथे ग्राहकाचे पैसे आणि ताब्याची तारीख पाहिली जाते. मजुरांच्या सुरक्षेचा विषय कामगार विभाग आणि औद्योगिक सुरक्षा व आरोग्य यंत्रणेचा. पण लहान प्लॉटवर त्यांचा माणूस पोहोचणे दुर्मीळ, आणि बऱ्याचदा कायद्यानेच ते काम त्यांच्या कक्षेबाहेर ठेवलेले असते.

मोठ्या अपघातांतून काय दिसते?

राज्यातल्या अलीकडच्या काही दुर्घटना शेजारी-शेजारी ठेवून पाहिल्या, तर एक गोष्ट ठळक दिसते. ३१ जुलै २०२३ च्या रात्री शहापूर तालुक्यात समृद्धी महामार्गाच्या पुलाचे गर्डर बसवणारे अजस्र यंत्र कोसळले आणि २० जण गेले. त्यानंतर सव्वा महिन्याने, १० सप्टेंबर २०२३ ला ठाण्यात बाळकुम येथे ४० मजली इमारतीच्या गच्चीवरचे वॉटरप्रूफिंग आटोपून उतरणाऱ्या सात मजुरांसह लिफ्ट खाली आली. ३ फेब्रुवारी २०२२ ला पुण्यातील येरवड्यात शास्त्रीनगर येथे तळघराच्या कामातला लोखंडी सळ्यांचा जड सांगाडा अंगावर पडून बिहारचे पाच मजूर मरण पावले. आणि २९ जून २०१९ च्या पहाटे कोंढव्यात सोसायटीची संरक्षक भिंत पायथ्याशी असलेल्या मजुरांच्या झोपड्यांवर पडली. १५ बळी, त्यात लहान मुलेही होती.

यातल्या एकाही ठिकाणी पूर्ण झालेली इमारत पडली नाही. पडले ते गर्डर चढवायचे यंत्र, कामावरची लिफ्ट, काँक्रीट भरायच्या आधीचा सांगाडा. कोंढव्याची भिंत पक्की होती, पण तिच्याखाली झोपायची सोय तात्पुरती. म्हणजे सरकारी तपासणी होते ती कायम राहणाऱ्या बांधकामाची आणि मजूर मरतो तो काम संपल्यावर काढून टाकायच्या गोष्टींमुळे. या गोष्टी कोणत्याच मंजूर नकाशावर नसतात.

पिंप्राळ्यात चाळीस मजली इमारत नाही, गर्डरचे यंत्रही नाही. पण परांची, सेंट्रिंग, खड्डा आणि उघडी वायर प्रत्येक प्लॉटवर आहे.

नवा कायदा आला, त्याने काय बदलले?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यातल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० ने १९९६ च्या इमारत व इतर बांधकाम कामगार कायद्याची जागा घेतली. संहितेखालचे नवे नियम पूर्णपणे लागू होईपर्यंत, विसंगत नसलेले जुने नियम चालू राहतात.

शिक्षेच्या बाबतीत फरक मोठा आहे. जुन्या कायद्यात सुरक्षेचे नियम मोडले तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड होता. दोन हजारांत आज सेंट्रिंगच्या प्लेटाही धड भाड्याने येत नाहीत. नव्या संहितेत कर्तव्यात कसूर झाल्याने मृत्यू ओढवला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान पाच लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. गंभीर दुखापतीसाठी दंड दोन ते चार लाख. त्या दंडातली निदान निम्मी रक्कम जखमीला किंवा मृताच्या वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. वास्तुविशारद आणि प्रकल्प अभियंत्यावरही सुरक्षेचे कर्तव्य टाकले आहे. सुरक्षा अधिकारी नेमण्याची मर्यादा ५०० वरून २५० कामगारांवर आली.

इथवर ठीक. पण ‘निरीक्षक’ आता ‘निरीक्षक तथा सुलभकर्ता’ झाला आहे. त्याचे काम तपासणीसोबत सल्ला देण्याचेही आहे, आणि कोणती जागा तपासायची हे संगणक यादृच्छिक पद्धतीने ठरवू शकतो. इन्स्पेक्टर-राजला आळा घालणे हा त्यामागचा हेतू, आणि तो समजण्यासारखा आहे. कारखाना त्याच जागी वर्षानुवर्षे असतो, त्यामुळे आज ना उद्या चिठ्ठी निघते. पिंप्राळ्यातला स्लॅब सकाळी सातला सुरू होतो आणि दिवस मावळायच्या आत संपतो. त्या दहा-बारा तासांत संगणकाची चिठ्ठी त्याच प्लॉटवर पडेल, ही आशा भाबडी आहे.

दहा मजूर आणि पन्नास लाख : खरी फट इथे आहे

संहिता दहापेक्षा कमी कामगार असलेल्या बांधकामाला लागू नाही. ही अट जुन्या कायद्यातही होती. दुसरी सूट स्वतःच्या राहत्या घरासाठी आहे. पूर्वी दहा लाखांपर्यंतचे स्वतःचे घर कायद्याबाहेर होते. ही मर्यादा आता ५० लाखांवर नेली आहे. महागाई पाहता १९९६ चा आकडा जुना झाला होता, हे खरे. पण जळगावसारख्या शहरात ५० लाखांत, जागा सोडून, चांगले दुमजली घर उभे राहते. म्हणजे पिंप्राळ्याच्या नव्या वस्तीतली बहुतेक स्वतंत्र घरे या मर्यादेच्या आतच बसतील. कायद्याने ज्या टोकाला कठोर शिक्षा आणली, त्या टोकाला पुण्या-मुंबईचे टॉवर आहेत. आपल्याकडचा गवंडी दुसऱ्या टोकाला आहे.

त्यातच इथली ठेक्याची पद्धत. बरीच कामे ‘लेबर रेट’वर दिली जातात. सिमेंट, वाळू, सळई मालकाची आणि ठेकेदाराला चौरस फुटामागे फक्त मजुरीचा दर. मग कडेचे कठडे, जाळी, हेल्मेट, बेल्ट याचा खर्च कुणाचा? ठेकेदार म्हणतो साहित्य मालकाचे, मालक म्हणतो माणसे ठेकेदाराची. दोघांच्याही हिशेबात ती ओळ नसते. पुढे ठेकेदार मजूर आणतो मुकादमाकडून, आणि मुकादम आणतो चोपडा, यावल, शिरपूरच्या सातपुडा पट्ट्यातून किंवा सीमेपलीकडच्या खरगोन-बडवानीतून. पावरा, बारेला, भिल्ल कुटुंबे प्लॉटवरच पाल टाकून राहतात. मालकाला त्यांची नावे ठाऊक नसतात आणि त्यांना मालकाचे.

‘सुरक्षा संच मिळतो ना?’

राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी असलेल्याला सुरक्षा संच मिळतो, गृहोपयोगी भांड्यांचा संचही मिळतो. खानदेशात मंडळाची ओळख ‘भांडीवाली योजना’ अशीच झाली आहे. भांड्यांसाठी रांगा लागल्या, त्यात दोष मजुरांचा नाही. पण संचातले हेल्मेट घरी खुंटीला आणि मजूर कामावर टोपी घालून, हे चित्र सर्रास आहे. शिवाय नोंदणीसाठी वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचे प्रमाणपत्र लागते आणि दरवर्षी नूतनीकरण. महिन्यागणिक ठेकेदार बदलणाऱ्या, दिवाळीनंतर आलेल्या आणि पावसाला परतणाऱ्या जोडप्याला हे प्रमाणपत्र कोण देणार? मंडळाचा पैसा येतो तो बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकरातून. परवानगीच्या वेळीच तो वसूल होतो. म्हणजे कोणत्या प्लॉटवर काम निघणार, हे सरकारी यंत्रणेला उपकर घेताना ठाऊक असते.

मग प्लॉटवर तपासायचे काय?

हेल्मेटपासून सुरुवात करण्याची सवय आहे, कारण फोटोत ते दिसते. स्लॅबच्या दिवशी आधी खाली वाकून पाहावे. एक घनमीटर सळईयुक्त काँक्रीटचे वजन साधारण अडीच टन. हजार चौरस फुटांचा पाच इंची स्लॅब म्हणजे सुमारे २९ टन ओला माल, वर माणसे आणि मिक्सरची लिफ्ट वेगळी. हा भार घट्ट होईपर्यंत बल्ल्या आणि जॅक पेलतात. बल्लीखाली फळी आहे की विटेचा तुकडा, बल्ली एकसंध आहे की दोन तुकडे खिळ्याने जोडलेले, आडव्या-तिरक्या बांधण्या आहेत का, हे पाहायला अर्धा तास पुरतो. तापीखोऱ्यातली आपली काळी जमीन कोरडी असताना दगडासारखी आणि ओली झाली की लोण्यासारखी. तळमजल्यात पाणी साचलेले असेल तर बल्ली खचते आणि एक खचली की शेजारचीवर भार येतो.

सेंट्रिंग काढण्याची घाई हे दुसरे कारण, कारण प्लेटांचे भाडे दिवसावर चढते. भारतीय मानक ४५६ नुसार साधारण हवामानात साध्या पोर्टलँड सिमेंटच्या, साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखालचे टेकू सात दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याला १४ दिवस ठेवायचे. सहा मीटरपर्यंतच्या तुळईला १४, त्यापुढे २१. हल्ली वापरात असलेल्या राखमिश्रित सिमेंटला याहून जास्त वेळ द्यावा लागतो.

खड्ड्याकडे कुणी धोका म्हणून पाहतच नाही. अमृत योजनेत जळगावचे रस्ते जलवाहिन्या आणि भुयारी गटारीसाठी खोदले गेले, तेव्हा आपण सगळ्यांनी धुळीबद्दल तक्रारी केल्या. चरात उतरलेल्या माणसाबद्दल कुणी विचारले नाही. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या सुरक्षा संहितेत दीड मीटरहून खोल चराच्या बाजूंना उतार किंवा लाकडी आधार हवा, उपसलेली माती काठापासून दीड मीटर किंवा खोलीच्या निम्मे, यातले जे जास्त तितकी लांब हवी, असे म्हटले आहे. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात आणि पहिल्या पावसात त्याच भेगेवरून काठ सुटतो. शौचालयाच्या टाकीचा खड्डाही याच हिशेबात येतो. त्याच संहितेत ३.६ मीटरहून उंच परांचीला ९० सेंटिमीटरचा कठडा सांगितला आहे. पिंप्राळ्यात असा कठडा शोधून सापडणे कठीण.

मग वीज. प्लॉटवरून किंवा शेजारून महावितरणची ११ केव्ही तार जात असेल, तर इमारतीपासून तिचे आडवे अंतर किमान १.२ मीटर हवे. पण हा नियम उभ्या भिंतीसाठी आहे. सळई येते १२ मीटर लांब. ती खांद्यावर घेऊन वळणाऱ्या माणसासाठी १.२ मीटर म्हणजे काहीच नाही. अशा प्लॉटवर काम सुरू करण्याआधी महावितरणला अर्ज करून तार हलवणे किंवा कामापुरता पुरवठा बंद ठेवणे, एवढाच मार्ग आहे.

उन्हाचे सांगायला नकोच. एप्रिल-मेमध्ये जळगावचा पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो आणि भोवळ येऊन पडणारा माणूस कागदोपत्री ‘तोल जाऊन’ पडलेला असतो. दुपारी बारा ते चार उंचीवरचे काम बंद ठेवणे, ही तपासणीतली सर्वांत स्वस्त बाब आहे.

महापालिकेला काही करता येईल का?

येईल, आणि त्यासाठी नवा कायदा लागत नाही. उपकर भरताना प्लॉट कळतोच. स्लॅबची तारीख दोन दिवस आधी कळवणे आणि सेंट्रिंग पाहून संरचना अभियंत्याने सही करणे, अशी अट परवानगीच्या पत्रात घालता येते. आजही संरचना अभियंत्याचे नाव अर्जावर असतेच, ते बऱ्याचदा केवळ नाव असते. मुकादमाच्या भरवशावर सोडलेल्या कामात एका जबाबदार माणसाची सही आली, तर ठेकेदार फळीऐवजी विटेचा तुकडा ठेवताना विचार करेल.

अपघात झालाच तर?

संहितेतून सूट मिळाली म्हणजे जबाबदारीतून सुटका नव्हे. निष्काळजीपणामुळे मृत्यूसाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१) खाली पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. तिथे ५० लाखांचा हिशेब चालत नाही.

नुकसानभरपाईचे गणितही ठरलेले आहे. महिना १५,००० रुपये मजुरीची मर्यादा धरली, तर ३० वर्षांच्या मजुराच्या मृत्यूबद्दल निम्मी मजुरी गुणिले २०७.९८ म्हणजे १५ लाख ५९ हजार ८५० रुपये होतात. मंडळात नोंदणी चालू असेल तर कामावरील मृत्यूबद्दल पाच लाख वेगळे. प्रत्यक्षात सिव्हिल हॉस्पिटलच्या आवारात मुकादम मध्ये पडतो, लाख-दोन लाखांवर ‘समझोता’ होतो आणि कुटुंब मृतदेह घेऊन रातोरात गावी निघते. मृत्यूची भरपाई नुकसानभरपाई आयुक्तांकडेच जमा करावी लागते. वारसाच्या हातात परस्पर दिलेली रक्कम, तीन महिन्यांच्या मजुरीपर्यंतची आगाऊ रक्कम सोडली तर, भरपाई म्हणून धरली जात नाही. म्हणून अंगठा दिला तरी हक्क संपत नाही. दाव्यासाठी लागतात पोलिसांचा पंचनामा, शवविच्छेदन अहवाल आणि तो माणूस त्या दिवशी त्या प्लॉटवर कामाला होता याचा एखादा पुरावा. हजेरीच्या वहीचे पान, मुकादमाने फोनवर पाठवलेले पैसे किंवा सकाळी स्लॅबवर काढलेला फोटोही चालतो.