छोटी गाडी, अंथरूण पाहून

गेल्या महिन्यात आमचा भाचा कल्याणहून आला. हातात एका मोठ्या गाडीचं माहितीपत्रक आणि तोंडात एकच प्रश्न, "मामू, घेऊ का?" घरात माणसं पाच. तो, त्याची बायको, दोन मुलं आणि अम्मी, म्हणजे आमच्या आपा. आपांचे गुडघे दुखतात, स्टेशनचा जिना त्यांना चढवत नाही. दर महिन्याला ठाण्याला डॉक्टरकडे जावं लागतं, मधूनमधून मुंब्र्याला आणि राबोडीला नातेवाईकांकडे. गरज खरी होती, म्हणून आम्ही "नको" म्हटलं नाही. फक्त तीन प्रश्न विचारले. गाडी उभी कुठे करणार? तिच्यात बसणार कोण? आणि पैसा कुठून आणणार?

पहिल्या प्रश्नासाठी टेप घेऊन आम्ही दूधनाक्याजवळच्या त्याच्या इमारतीत गेलो. जिन्याशेजारी जी जागा होती, तिथे मोठी गाडी शिरली असती, पण दार उघडून उतरता आलं नसतं. मोठ्या गाडीचा निकाल तिथेच लागला. छोट्या गाड्यांचं माप सोपं आहे. अल्टो के१० साडेतीन मीटर लांब, वॅगनआर त्याहून थोडी मोठी, टियागो पावणेचार मीटर. तिन्ही त्या जागेत बसत होत्या. गाडी पसंत करण्याआधी जागा मोजावी आणि मोजताना दारं उघडण्याची जागाही धरावी, हे आमचं पहिलं सांगणं.

मग रस्ता. कल्याणहून ठाण्याला दुर्गाडी पूल, कोन, रांजनोली, माणकोली असं करत माजिवड्याला यायचं किंवा पत्रीपुलावरून शिळफाटा गाठून मुंब्र्याकडे वळायचं. दोन्हीकडे गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच रांगते. तिथे इंजिनाच्या ताकदीपेक्षा हलका क्लच, लहान वळण आणि चारही बाजूंचं दिसणं जास्त कामाला येतं. गुडघेदुखी किंवा कंबरदुखी असलेल्याने चालवायची असेल तर क्लच नसलेली एएमटी गाडी पाहावी. मात्र चालवून बघायला मोकळा रस्ता निवडू नये. संध्याकाळी सहानंतर शिळफाट्यालाच न्यावी. तिथे जी गाडी थकवत नाही, ती आपली.

सीएनजीचं गणितही मांडून पाहिलं. सीएनजी गाडी सुमारे नव्वद हजारांनी महाग पडते. भाच्याचं फिरणं महिन्याला चारशे किलोमीटर. गर्दीत पेट्रोलवर १६ आणि सीएनजीवर २४ किलोमीटर धरले तर महिन्याला बाराशे-तेराशे रुपये वाचतात. म्हणजे फरक भरून यायला जवळजवळ सहा वर्षं लागतात. रोज कल्याण-ठाणे करणाऱ्याचा फरक दोन वर्षांच्या आसपास निघेल, त्याने जरूर घ्यावी. पण सिलिंडर डिकीची जागा खातो, हे लक्षात ठेवावं. टियागोत दोन लहान सिलिंडर डिकीच्या तळाशी बसवलेले असतात, त्यामुळे एखादी बॅग तरी मावते.

आता दुसरा प्रश्न, बसणार कोण? आपांना आम्ही दोन गाड्यांत बसवून पाहिलं. वॅगनआर उंच आहे, तिच्यात त्या न वाकता सरळ बसल्या. टियागोत खाली वाकावं लागलं. भाचा म्हणाला, "मग ठरलं." आम्ही म्हटलं, थांब. ग्लोबल एनकॅप ही संस्था गाड्या आदळवून तपासते. २०२० साली तिने टियागोला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी चार तारे दिले आणि मुलांच्या सुरक्षेसाठी तीन. २०२३ साली अल्टो के१०ला मोठ्यांसाठी दोन आणि वॅगनआरला एक तारा मिळाला, मुलांसाठी दोघींनाही शून्य. मधल्या काळात चाचणीचे नियम कडक झाले, म्हणून हे आकडे शेजारी ठेवून जसेच्या तसे तोलता येत नाहीत. शिवाय २०२५ पासून अल्टो आणि वॅगनआरच्या नव्या गाड्यांत सहा एअरबॅग आल्या आहेत. पण वापरलेली गाडी घेणाऱ्याला त्या मिळत नाहीत. त्याने तारे पाहावेतच.

हे ऐकून आपा म्हणाल्या, "माझे गुडघे मी वाकवीन. पोरांचं बघ."

मुलं ही आपल्याकडे अमानत आहेत. तरीही धाकट्याला मांडीवर घेऊन पुढे बसण्याची सवय आपल्या घराघरांत आहे. चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्ट्याने किंवा बालआसनात बांधलं नाही तर कायद्याने एक हजार रुपये दंड आहे, पण दंडाची गोष्ट सोडा. आदळताना आईचे हात मूल धरू शकत नाहीत. उंट आधी बांधावा, मग तवक्कुल करावा, ही शिकवण गाडीलाही लागू आहे.

राहिला पैसा. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला आणि या तिन्ही गाड्यांची शोरूममधली सुरुवातीची किंमत पाच लाखांच्या आत आली. पण त्यावर पेट्रोल गाडीला ११ टक्के रस्ताकर, विमा आणि इतर खर्च चढतो. भाचा सात वर्षांचं कर्ज काढणार होता. पाच लाखांवर साडेनऊ टक्के व्याज धरलं तर हप्ता सुमारे आठ हजार दोनशे आणि सात वर्षांत व्याजच एक लाख शहाऐंशी हजार. व्याजाबद्दल दीनचा हुकूम काय आहे, हे वाचकांना आम्ही सांगायला नको. व्यवहाराने पाहिलं तरी गाडीची किंमत दरवर्षी उतरत असताना आपण तिच्यासाठी जास्त मोजत राहतो.

त्याची बचत साडेतीन लाख होती. भिशीतून आणि कर्ज-ए-हसनातून आणखी थोडी रक्कम उभी राहिली. तेवढ्यात चार वर्षं वापरलेली पेट्रोल टियागो रोखीने मिळाली. घेण्याआधी ओळखीच्या मेकॅनिकला दाखवली. आपल्याकडे पुराच्या पाण्यात बुडालेल्या गाड्या धुऊनपुसून विकल्या जातात, म्हणून सीटचे पट्टे शेवटपर्यंत ओढून पाहिले. टोकाला चिखलाचा डाग असेल तर गाडी सोडून द्यावी. गालिचा उचलून गंज पाहिला. आरसी बुकावर जुन्या कर्जाचा बोजा नाही ना, विमा आणि पीयूसी चालू आहे ना, हेही तपासलं. आणि पूर्ण रक्कम देण्याआधी आरटीओत नाव बदलण्याचे अर्ज सही करून घेतले.

आपांच्या सीटवर आता एक घट्ट उशी आहे. मागे धाकट्याचं बालआसन आहे. शेजाऱ्यांच्या गाडीपेक्षा ही लहान आहे, पण तिच्यावर कोणाचा हप्ता नाही.

शेवटी एक विनंती. गाडी आली की जुम्म्याला ती मशिदीसमोर रस्त्यात आडवी लावू नका. वाटेतला अडथळा दूर करणं हा ईमानाचाच भाग आहे. आपली गाडीच अडथळा होऊ नये, एवढं तरी आपल्या हातात आहे.