बाळाला स्पीकर नको, आई द्या

"बाळ काचेच्या पेटीत आहे, मोबाइलवर कोणतं संगीत लावू?" असं पालक मला हल्ली वारंवार विचारतात. माझं उत्तर अनेकांना आवडत नाही: मोबाइल बाहेरच ठेवा.

साधारण २५व्या आठवड्यापासून गर्भातलं बाळ आवाजाला प्रतिसाद देऊ लागतं. पोटात त्याच्यापर्यंत आवाज मऊ होऊन पोहोचतो. वेळेआधी जन्मलेल्या बाळाच्या कानावर मात्र मॉनिटरचे भोंगे आणि पेटीच्या झडपांचा खडखडाट आदळतो. नवजात कक्षातला आवाज ४५ डेसिबलच्या आत असावा असं तज्ज्ञ सांगतात; आपलं साधं बोलणंच ६०च्या आसपास असतं. त्यात पेटीत स्पीकर ठेवला की गोंगाटात भरच पडते. शिवाय मोबाइलवरचे जंतू आत जातात ते वेगळेच.

मग संगीत निरुपयोगी आहे का? तसं नाही. २०१३ साली अमेरिकेत ११ रुग्णालयांतल्या २७२ बाळांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रशिक्षित व्यक्तीने तिथेच हळू आवाजात गायलं, आईवडिलांच्या आवडीचं गाणं अंगाईसारखं म्हटलं, तेव्हा बाळांच्या हृदयाचे ठोके शांत झाले. पण २०२३ मध्ये कोक्रेन या संस्थेने २५ चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा संगीताने रक्तातला ऑक्सिजन वाढतो किंवा बाळाचा विकास सुधारतो असं दिसलं नाही. म्हणून "या रागाने मेंदू वाढतो" असं सांगून कोणी पैसे मागत असेल, तर देऊ नका.

आता जीव वाचवणारी गोष्ट ऐका. २०२१ साली भारतासह पाच देशांतल्या ३,२११ बाळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बाळं १ ते १.८ किलोंची होती. प्रकृती स्थिर होईपर्यंत न थांबता ज्यांना जन्मल्याबरोबर छातीशी उघड्या अंगाने धरलं, त्यांच्यातले १२ टक्के दगावले. स्थिर होण्याची वाट पाहिलेल्यांमध्ये हेच प्रमाण १५.७ टक्के होतं. त्यासाठी आईची खाट नवजात कक्षातच टाकली होती.

माझा राग इथेच आहे. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाववरून नाजूक बाळं गोंदियाला आणली जातात. कितीतरी ठिकाणी ओली बाळंतीण बाहेर व्हरांड्यात बसते, दूध पिळून आत पाठवते आणि बाळाला काचेतून बघते. अशा वेळी आत स्पीकर लावून "संगीतोपचार" म्हणणं ही थट्टा आहे. जागा कमी आहे, परिचारिका कमी आहेत, हे मी जाणतो. पण आईला रोखून यातलं काहीच भरून निघत नाही. हात धुऊन, स्वच्छ कपडे घालून आलेली आई म्हणजे गर्दी नव्हे. ती उपचाराचा भाग आहे.

तुम्ही काय कराल? "कांगारू मदर केअर कधी सुरू करायची?" असं डॉक्टरांना रोज विचारा. आई आजारी असेल तर वडील, आजी, मावशीही बाळाला छातीशी धरू शकतात. बाळ छातीवर असताना हळू गुणगुणा. पोवारी, गोंडी, मराठी, जी घरची बोली असेल तीत. सूर चुकला तरी चालेल. बाळाने बोटं फाकवली, तोंड फिरवलं, रंग बदलला तर लगेच थांबा आणि परिचारिकेला सांगा.

आणि दारावर कोणी अडवलं, तर हा लेख दाखवा. भांडू नका, पण मागे हटूही नका.