‘तिकडचं आपण आपसात बघू’

घटस्फोट ठरला की आपल्या मंडळींत हल्ली एक सल्ला हमखास मिळतो. “भांडण नाहीये ना? मग वकिलाला कशाला पैसे घालता? ऑनलाइन होतं सगळं. प्रश्नांची उत्तरं द्यायची, कागद तयार.” सल्ला देणारा बहुधा हुशार असतो, स्वतःचा टॅक्सही सॉफ्टवेअरवरच भरतो. आणि त्याच दमात तो पुढचं बोलून जातो: “इकडचं त्यात टाका. तिकडचं तुम्ही आपसात बघा.”

माझं भांडण या शेवटच्या वाक्याशी आहे. आधीच्या वाक्यांशीही आहे, पण जरा कमी.

ते कमीवालं आधी उरकते. मी कॅलिफोर्नियात राहते, म्हणून उदाहरणं इथली. ही सॉफ्टवेअरं जे फॉर्म भरून देतात ते न्यायालयाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. प्रत्येक काउंटीत ‘फॅमिली लॉ फॅसिलिटेटर’ असतो. तो कुणाची बाजू घेत नाही, पण फॉर्म समजावून सांगतो, तोही विनामूल्य. म्हणजे तुम्ही मोजता ते पैसे टायपिंगचे. आपल्याकडे जिल्हा न्यायालयाबाहेर टाइपरायटर घेऊन बसणारे काका असायचे, ते निदान विचारायचे, “गावाकडं जमीन-बिमीन?” सॉफ्टवेअर तेवढंही विचारत नाही. ‘जगातला पहिला रोबो वकील’ म्हणून मिरवणाऱ्या डूनॉटपे कंपनीवर फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ साली कारवाई केली, कारण दाव्याला आधार नव्हता. प्रकरण १,९३,००० डॉलर भरून मिटलं. तरीही, वकिलाचा तासाचा दर बघून माणूस सॉफ्टवेअरकडे वळतो हे मला समजतं. पोस्टडॉकच्या पगारात तो दर बसत नाही, हे मला कुणी सांगायला नको.

आता ‘तिकडचं’. कॅलिफोर्नियात नवरा-बायकोंनी एकमेकांना मालमत्तेची आणि कर्जाची यादी द्यावी लागते. त्यासाठीचा नेहमीचा फॉर्म म्हणजे एफएल-१४२. घर, गाड्या, बँक खाती, शेअर, निवृत्तिवेतन, दागिने, सगळ्यांना ओळी आहेत. कधी घेतलं, आजची किंमत किती, त्यावर कर्ज किती, आणि ते एकट्याचं आहे का, असे रकाने आहेत. पुण्याचा फ्लॅट लिहायला तिथे कुणी बंदी केलेली नाही. पण सॉफ्टवेअर विचारतं ‘तुमच्या मालकीचं घर आहे का?’, आणि आपल्या डोक्यात घर म्हणजे फ्रीमाँटचं. पीपीएफचं नाव त्या यादीत नसतं, म्हणून ते राहतं. एचयूएफचं खातं राहतं. बाबांच्या नावावरचा पण हप्ते इथून जाणारा फ्लॅट राहतो. आजेसासूबाईंच्या पाटल्या ‘दागिने’ या ओळीत टाकायच्या असतात हे सुचतच नाही.

माझं रोजचं काम आकडेवारीचं आहे. त्यात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला शिकवतात ती गोष्ट म्हणजे माहिती नसणं आणि शून्य असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सॉफ्टवेअर हा फरक करत नाही. तुम्ही जे लिहिलं नाही ते त्याच्या लेखी नाहीच. उरलेल्याचे ते बरोबर निम्मे-निम्मे करतं, खाली बेरीज जुळते, आणि दोघांना वाटतं की वाटणी झाली.

कायदा मात्र ‘इकडचं-तिकडचं’ मानत नाही. इथे राहत असताना लग्नानंतर मिळवलेली मालमत्ता, ती जगात कुठेही असो, दोघांची, असं कॅलिफोर्नियाचा कुटुंब कायदा स्पष्ट म्हणतो. इथे येण्याआधी, लग्नानंतर पुण्यातल्या नोकरीच्या पगारातून घेतलेला फ्लॅटही वाटणीच्या वेळी तसाच धरतात. वारसाने किंवा भेट म्हणून मिळालेलं ज्याचं त्याचं राहतं, पण यादीत तेही दाखवायचं असतं. आणि यादीखालची सही खोटी माहिती दिल्यास शिक्षा होईल या अटीवर असते. डेनिस रॉसी या बाईंना लॉटरीत तेरा लाख डॉलरच्या आसपास वाटा लागला होता. त्यांनी तो न सांगता घटस्फोट घेतला. नवऱ्याला नंतर कळलं, आणि कोर्टाने तो सगळाच्या सगळा त्याला दिला. २००१ साली अपील न्यायालयानेही तेच कायम केलं. लॉटरीच्या जागी कोथरूडचा फ्लॅट घालून वाचा.

“घरातलं बाहेर कशाला?” हा आपला आवडता बचाव. पण ही यादी कोर्टात दाखल होतच नाही. ती फक्त एकमेकांना द्यायची असते. कोर्टाला कळवायचं ते इतकंच, की दिली. मग बाहेर म्हणजे नेमकं कुठे? खरी भीती वेगळीच असते. भारतातल्या खात्यांची मिळून रक्कम वर्षात कधीही दहा हजार डॉलरच्या वर गेली तर ते अमेरिकी सरकारला कळवावं लागतं, आणि ते कित्येकांनी कधी कळवलेलं नसतं. म्हणजे बायकोपासून लपवलेलं नाही, सरकारपासून लपवलंय, आणि त्याची किंमत बायकोने द्यायची!

बायकोने असं मी मुद्दाम म्हणते. डिपेंडंट व्हिसावर आलेली, काही वर्षं कामाची परवानगी नसलेली बाई त्या फ्लॅटचा खातेक्रमांक कुठून सांगणार? तिचं स्त्रीधन सासूबाईंच्या लॉकरमध्ये. स्त्रीधन पत्नीच्याच मालकीचं, सासरी ते फक्त सांभाळायला असतं, हे भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रतिभा राणी खटल्यात १९८५ सालीच सांगितलंय. पण सांभाळणाऱ्याकडून परत मागायचं तर आधी ते काय-काय आहे याची यादी हवी. ती करायची संधी समोरच्या स्क्रीनवर होती आणि आपण ‘पुढे’ दाबलं.

नवऱ्यांनीही फार निर्धास्त राहू नये. समोरच्याने उत्तर दिलं नाही की एकतर्फी निकाल, हा इथला सोपा रस्ता. पण हिंदू विवाह कायद्याखाली झालेलं लग्न त्या कायद्यात नसलेल्या कारणावरून परदेशात मोडलं आणि दुसऱ्या पक्षाने त्याला संमती दिलेली नसेल, तर भारतात तो निकाल मानला जात नाही, असं नरसिंह राव खटल्यात १९९१ साली ठरलं. ‘पटत नाही’ हे कारण त्या कायद्यात नाही. म्हणजे इथे सुटलेला माणूस तिकडे विवाहितच. शिवाय अमेरिकेतल्या निकालाची भारतात थेट अंमलबजावणी होत नाही (ब्रिटनच्या निकालाची होऊ शकते), आणि कॅलिफोर्नियाच्या न्यायाधीशाच्या सहीने पुण्याच्या दुय्यम निबंधकाच्या दप्तरातलं नाव बदलत नाही. त्याला नोंदणी केलेला दस्तच लागतो, हक्कसोडपत्र किंवा बक्षीसपत्र.

‘इकडचं’ तरी सॉफ्टवेअर नीट नोंदवतं का? ४०१(के) मधला हिस्सा द्यायचा तर त्यासाठी कोर्टाचा वेगळा आदेश लागतो, ज्याला ‘क्वाड्रो’ म्हणतात. करारातल्या एका ओळीवर योजनेचा व्यवस्थापक पैसे हलवत नाही. ड्यूपाँटमधल्या केनेडी नावाच्या कर्मचाऱ्याच्या बायकोने १९९४ सालच्या घटस्फोटात त्याच्या बचत योजनेवरचा हक्क सोडला होता. त्याने लाभार्थीचं नाव बदललं नाही. तो गेल्यावर सुमारे चार लाख डॉलर तिलाच मिळाले, मुलीला नाही, आणि २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने ते बरोबर ठरवलं. कागद होता, चुकीच्या जागी होता.

तेव्हा सॉफ्टवेअर वापरायचंच असेल तर वापरा, पण त्याआधी कोऱ्या कागदावर दोघांनी बसून तिकडची यादी करा. लॉकर, पीपीएफ, मुदत ठेवी, सोसायटीचं भागपत्र, आई-वडिलांच्या नावावर असलेलं पण तुमच्या पैशाचं. आणि संपूर्ण वकीलपत्र न देता फक्त कागद तपासायला वकील नेमता येतो. त्या एक-दोन तासांचे पैसे द्या. फ्लॅट असेल तर पुण्यातल्या वकिलालाही विचारा. इथे अर्ज बजावल्यापासून निदान सहा महिने लग्न मोडत नाही, तो वेळ यासाठीच वापरा. महाराष्ट्रात नवरा-बायकोमधल्या राहत्या घराच्या बक्षीसपत्राला मुद्रांक शुल्कात मोठी सवलत आहे, आणि निकाल लागला की तुम्ही नवरा-बायको राहत नाही. त्यामुळे तो दस्त दोघांच्या लेखी संमतीने निकालाआधी होतो का ते बघा. त्यासाठी इथून पाठवलेलं मुखत्यारपत्र भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित करून घ्यावं लागतं, तेव्हा तिकडे ते कार्यालयात घेऊन जाणारं माणूस आधी ठरवा आणि मगच कुरिअर करा.